खेळाडूचा कोच होतो तेव्हा: बूट तेच, काम दुसरं

पुण्यात मुलाला फुटबॉल शिकायला घालायचं म्हटलं तर अकॅडमी सापडणं अवघड नाही. वाकडपासून खराडीपर्यंत आणि बाणेरपासून एनआयबीएमपर्यंत दर दोन सोसायट्यांमागे एक टर्फ (कृत्रिम गवताचं भाड्याचं मैदान) आहे आणि त्याच्या जाळीवर फलक आहे: ‘माजी आय-लीग खेळाडूंकडून प्रशिक्षण’, ‘संतोष ट्रॉफी खेळलेले कोच’. आय-लीग ही पूर्वीची देशातली अव्वल क्लब-साखळी, संतोष ट्रॉफी ही राज्याराज्यांमधली स्पर्धा. पालक ते वाचतात आणि निर्धास्त होतात. जो स्वतः खेळलाय तो शिकवेलच, असं आपण धरून चालतो.

त्या ओळीतून एक गोष्ट नक्की कळते. हा माणूस वरच्या दर्जाचं फुटबॉल आतून पाहून आलाय. तो दहा वर्षांच्या मुलाला शिकवू शकतो का, हे मात्र तिच्यातून अजिबात कळत नाही. व्यावसायिक खेळाडू आणि लहान मुलांचा कोच हे दोन वेगळे पेशे आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बरंच काही शिकावं लागतं, आणि अंगात मुरलेलं बरंच काही सोडावं लागतं.

पुण्यात इतके माजी खेळाडू आले कुठून?

आधी शहराची गोष्ट, कारण ती थोडी चमत्कारिक आहे. २००७ मध्ये पुणे एफसी हा क्लब सुरू झाला. २००९-१० मध्ये आपल्या पहिल्याच आय-लीग हंगामात तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. त्याची मामुर्डीची निवासी अकॅडमी देशातल्या चांगल्या अकॅडम्यांत गणली जायची. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही नवी साखळी सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी हा संघ आला. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी असे इथलेच दोन संघ होते. त्यानंतरच्या हंगामात डीएसके शिवाजीयन्स आला. म्हणजे एकेकाळी बालेवाडीच्या मैदानाला सामन्यांसाठी तारखा पुरत नव्हत्या.

मग एकेक दिवा विझत गेला. भारत एफसी एका हंगामात आटोपला, त्याच सुमारास पुणे एफसीनेही आय-लीग सोडली. शिवाजीयन्स दोन हंगाम खेळले. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद पडला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. एवढ्या मोठ्या शहरात अव्वल साखळीत खेळणारा एकही क्लब उरला नाही.

क्लब गेले, माणसं राहिली. कुणी इथे घर घेतलं होतं, कुणाची बायको इथल्या कंपनीत होती, कुणाची मुलं इथल्या शाळेत. शिवाय खडकी आणि कॅम्प भागातल्या जुन्या क्लबांमधून वर आलेले स्थानिक खेळाडू होतेच. या सगळ्यांना तिशी-पस्तिशीत पुढचं पोटापाण्याचं बघायचं होतं, आणि नेमक्या त्याच काळात पुण्यात टर्फचं पेव फुटलं. आजच्या अकॅडम्यांच्या गर्दीमागे हा योगायोग मोठा आहे.

बहुतेकांचं खेळणं तिशीच्या पुढेमागे थांबतं. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर परत यायला आठ-नऊ महिने सहज जातात, आणि करार एक-दोन हंगामांचा असेल तर तेवढ्यात तो संपूनही जातो. ज्यांना रेल्वे, पोलीस किंवा राज्य सरकारच्या पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरी मिळाली ते सुटले. शाळेत कायम क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. लागतं. ते गुलटेकडीच्या चंद्रशेखर आगाशे कॉलेजात करता येतं, पण त्यासाठी आधी पदवी हवी, आणि सतराव्या वर्षी अकॅडमीत गेलेल्या कितीतरी मुलांची पदवी अर्धवट राहिलेली असते. मग उरते कोचिंग.

पायांना येतं, तोंडाला येत नाही

या सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा हाच आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

आजीला विचारा, भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं? ती म्हणेल, “लागेल तेवढं.” ती टाळत नसते. तिच्या हातांना ते कळतं, आकड्यात सांगायची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नसते. पंधरा वर्षं मधल्या फळीत खेळलेल्या माणसाचं तसंच असतं. पास येण्याआधी तो दोनदा मान वळवून मागे पाहतो, अंग अर्धं वळवून उभा राहतो, बॉल लांबच्या पायावर घेतो आणि पहिल्याच टचमध्ये मोकळ्या जागेकडे निघतो. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण मान वळवतो हेच त्याला ठाऊक नसतं. एखादी हालचाल हजारो वेळा केली की ती लक्षपूर्वक करायच्या गोष्टींच्या यादीतून निघून जाते. खेळताना हाच फायदा असतो. शिकवायला उभं राहिलं की तोच आड येतो.

म्हणून नव्यानेच कोच झालेला माजी खेळाडू बहुधा दोन गोष्टी करतो. एकतर तो ओरडतो: “बघ की!”, “डोकं वापर!”, “लवकर खेळ!” यातल्या एकाही वाक्यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. काय बघू? कधी बघू? नाहीतर तो स्वतःच मैदानात उतरून करून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात, पालक मोबाईल काढतात, आणि सराव पुन्हा सुरू झाला की मुलं पहिल्यासारखीच बॉलकडे एकटक बघत उभी राहतात.

ज्याला शिकवायची हातोटी साधली आहे तो तीच गोष्ट कशी मांडतो ते बघा. एक मुलगा पास देणार, दुसरा घेणार. घेणाऱ्याच्या मागे दहा पावलांवर तिसरा, हातात लाल आणि पिवळा असे प्लास्टिकचे दोन कोन (शंकू) घेऊन उभा. पास निघाला की तो त्यातला एक वर धरतो. बॉल पायाला लागण्याआधी घेणाऱ्याने रंग ओरडून सांगायचा. बस्स. आता मागे बघितल्याशिवाय रंग सांगता येत नाही, आणि मागे बघायचं तर अंग तिरकं ठेवावंच लागतं. पहिल्या दहा मिनिटांत बॉल पायाखालून निसटतात, रंग चुकतात, हशा पिकतो. मग कोच पुढची पायरी घालतो: लाल दिसला तर बॉल परत द्यायचा, पिवळा दिसला तर वळून पुढे न्यायचा. त्यानंतर कोन धरणाऱ्याच्या जागी खरा बचावपटू येतो. तो अंगावर आला तर परत पास, लांब राहिला तर वळायचं. मुलाला ‘स्कॅनिंग’ हा शब्द एकदाही ऐकवलेला नसतो, पण तो स्कॅनिंग करायला लागलेला असतो.

अशा वेळी कोचचं तोंड जवळजवळ बंद असतं. काठावर बसलेल्या पालकांना वाटतं, सर नुसते उभे आहेत.

खेळलेला असण्याचा उपयोग इथे होतो, पण वेगळ्या जागी. कोणत्या क्षणी मागे बघायचं, हे त्याला ठाऊक असतं: बॉल समोरच्याच्या पायापासून सुटून वाटेत असतो, त्या अर्ध्या सेकंदात. पुस्तकावरून शिकलेला कोच हे सांगेल, माजी खेळाडूला ते चुकलेलं दुरूनही दिसेल. ही नजर मोलाची आहे. मात्र आपण काय बघतो ते आधी स्वतःला विचारून, तुकडे पाडून, सोपं करून मांडण्याची मेहनत त्याने घेतली तरच ती मुलांच्या कामी येते.

खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, भारतीय फुटबॉलला हे नवं नाही. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्ण मिळवून देणारे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्याच १९६२ च्या संघातले पी. के. बॅनर्जी पुढे मोठे प्रशिक्षक झाले आणि जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांनी तरुण मुलं घडवली. अलीकडचं उदाहरण गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांचं. स्वतः क्लब फुटबॉल खेळले, मग लहान गटांकडे वळले. त्यांच्या हाताखालच्या १६ वर्षांखालील भारतीय संघाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियाकडून फक्त एका गोलने हार पत्करली. माझं मत विचाराल तर लहान गटातला कोच ही ‘मोठ्या संघाची संधी मिळेपर्यंतची’ नोकरी मानणाऱ्यांपेक्षा तिथेच मन रमणारे लोक जास्त हवेत, आणि आपल्याकडे नेमके तेच कमी आहेत.

समोर लहान मूल आहे, छोटा खेळाडू नाही

दुसरी अडचण शरीराची. व्यावसायिक खेळाडूने वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेलं असतं. पट्टी बांधून, गोळी घेऊन, क्वचित इंजेक्शन घेऊन तो उतरलेला असतो. त्यामुळे “थोडं दुखतंच, सहन कर” हे त्याच्या तोंडून सहज निघतं. वाढत्या वयात हे वाक्य घातक ठरतं.

मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. ऐन भरात वर्षाला आठ ते दहा सेंटीमीटरसुद्धा. हाड लांब होतं, स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारी कंडरा त्या वेगाने लांबत नाहीत, आणि जिथे कंडरा हाडाला चिकटते तिथे ताण येतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखू लागलं तर डॉक्टर ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, टाचेच्या मागे दुखलं तर सीव्हर्स. दोन्ही बहुतेक वेळा काळाने बरे होतात, पण तोपर्यंत उड्या, धावणं आणि शूटिंगचा मारा कमी करावा लागतो. याच काळात कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा अचानक धडपडायला लागतो. त्याचे पाय लांबलेले असतात, मेंदूचा जुना हिशेब चुकत असतो. जाणता कोच त्याला संघातून काढत नाही, थांबतो.

बॉलला डोकं लावण्याबाबतही जग सावध झालंय. अमेरिकेत २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी घातली गेली, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग घेऊ नये अशी सूचना आहे. आपल्याकडे मात्र आठ वर्षांच्या मुलांची रांग लावून हेडिंग घेणारे दिसतात.

मग जन्मतारखेचा खेळ. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटात जानेवारीतला आणि डिसेंबरमधला मुलगा असतो, म्हणजे जवळजवळ वर्षाचं अंतर. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. जानेवारीचा उंच असतो, जोरात धावतो, निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच सरस दिसतो. अनेक देशांच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं त्यामुळेच भरमसाट आढळतात. मोठ्या वयात हा फायदा ओसरतो. तोपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबरचे कितीतरी पोरगे खेळ सोडून गेलेले असतात.

आणि जिथे जन्मतारखेला एवढी किंमत, तिथे ती बदलणारेही आले. वय चोरणं हे आपल्या युवा फुटबॉलचं जुनं दुखणं. त्यावर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची परिपक्वता बघणारी टीडब्ल्यू-३ ही चाचणी वापरतात. ती अंदाज देते, जन्मतारीख नव्हे. शरीराने लवकर वाढलेला खरा मुलगाही कधीकधी तिच्यात अडकतो.

जिंकणं आणि शिकवणं

व्यावसायिक खेळाडूचा शनिवार निकालावर ठरलेला असतो. तीच सवय घेऊन तो दहा वर्षांखालच्यांच्या स्पर्धेला उभा राहिला की काय होतं? सगळ्यात दांडगा मुलगा मागे, सगळ्यात वेगवान पुढे, आणि मधल्यांच्या डोक्यावरून लांब किक. सामना जिंकला, ट्रॉफीचा फोटो आला, पण आठ मुलांच्या पायाला बॉल लागला नाही.

म्हणून लहान वयात मैदान छोटं आणि माणसं कमी ठेवायची पद्धत आहे: आधी पाच-पाच, मग सात-सात, नंतर नऊ-नऊ, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास अकरा-अकरा. बॉलही तीन नंबर, चार नंबर आणि मग पाच नंबर. हिशेब सरळ आहे. बावीस मुलांत एक बॉल असेल तर तो आपल्याकडे यायची वाट बघण्यातच वेळ जातो. चार-चारच्या खेळात तो दर काही सेकंदांनी येतोच. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने सहा ते बारा वयासाठी ‘बेबी लीग’ सुरू केल्या त्या याच विचाराने. पालकांना मात्र त्यात ‘खरी मॅच’ दिसत नाही. “सर, अकरा जणांत कधी खेळवणार?” हा प्रश्न कोचला फीपेक्षा जास्त वेळा ऐकावा लागतो.

लायसन्सची शिडी

खेळणं ही कोच होण्याची पात्रता नाही, हे आता नियमही सांगतात. पूर्वी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा मोठा मान होता. आता लायसन्सची शिडी आहे: आधी राष्ट्रीय महासंघाचं डी, मग आशियाई फुटबॉल महासंघाची सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी-लायसन्स लहान मुलांना शिकवणाऱ्यासाठी, प्रो म्हणजे आयएसएल संघाचा मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर लागणारं. एका पायरीवरून दुसरीवर लगेच उडी मारता येत नाही, मधे प्रत्यक्ष शिकवण्यात काळ जावा लागतो. शिवाय वरच्या पायऱ्यांची फी वाढत जाते, आणि ती बहुतेक जण स्वतःच्या खिशातून भरतात. पूर्वी एअर इंडिया, महिंद्रा आणि मुंबई एफसीकडून खेळलेले खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यामागे प्रशिक्षक म्हणून पंधराएक वर्षांचं काम होतं.

कोर्समध्ये वर्गातला भाग असतोच, पण खरी परीक्षा मैदानावर होते. उमेदवाराला विषय मिळतो, समजा ‘एकास एक बचाव’, आणि त्याने आराखडा काढून थोड्या वेळात सत्र घ्यायचं असतं. परीक्षक त्याचं कौशल्य बघत नाही. जागा बरोबर आखली का, किती जण रांगेत नुसते उभे आहेत, चूक दिसल्यावर योग्य क्षणी थांबवलं का, किती बोलला, हे बघतो. मोठमोठे खेळाडू इथे अडखळतात, आणि कधीच मोठं न खेळलेला एखादा शाळामास्तर सहज पास होतो.

फलक वाचताना पालकांनी बघायची गोष्ट हीच: लायसन्स कुणाकडे आहे, जो फलकावर आहे त्याच्याकडे की जो रोज मैदानावर येतो त्याच्याकडे? नाव एकाचं आणि सराव घेणारा विशीतला पोरगा, हा प्रकार सर्रास चालतो. मुलांचं अंघोळ-कपड्यांचं, बाहेरगावच्या स्पर्धांचं काय, तिथे कोण सोबत असतं, हेही बिनधास्त विचारावं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणालाही ती कळवणं बंधनकारक आहे. त्यात कोच आला, अकॅडमीचा मालकही आला.

आणि पैशाचं गणित

बाहेरून वाटतं, वीस मुलं आणि प्रत्येकी दोन हजार, म्हणजे चाळीस हजार. समजा, आठवड्यात तीन दिवस दीड-दीड तासाचा सराव आहे आणि टर्फ तासाला बाराशेने मिळतं. महिन्याला बारा सत्रं, अठरा तास, एकवीस हजार सहाशे रुपये टर्फवाल्याचे. सहायकाला आठ हजार. बॉल, बिब्ज (संघ ओळखायची रंगीत जाकिटं), कोन आणि प्रथमोपचाराला दोन हजार. हातात उरले आठ हजार चारशे. जूनमध्ये साधी मैदानं चिखलात बुडाली की टर्फचे भाव चढतात, मे आणि दिवाळीत मुलं गावाला जातात, दहावीच्या वर्षी निम्मी सोडतात. म्हणूनच कोच सकाळी शाळेत, दुपारी सोसायटीत आणि संध्याकाळी स्वतःच्या बॅचला पळत असतो. नियोजनाची वही नाहीतर मुलांच्या नोंदी ठेवायला वेळ कुठून आणणार? दर्जा घसरतो तो बऱ्याचदा आळसाने नाही, या धावपळीने.

मुलगा मोठा खेळाडू झाला तर त्याला घडवणाऱ्याला काही मिळतं का? मिळू शकतं. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची फी घेऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली की त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला शिकवलं त्यांच्यात वाटले जातात. बारा ते पंधरा या वयांच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. म्हणजे तुमच्याकडे बारा ते पंधरा अशी चार वर्षं शिकलेला मुलगा उद्या परदेशी क्लबाकडे एक कोटीला गेला, तर तुमच्या क्लबाचा हक्क एक लाखाचा.

अट एवढीच की तुमचा क्लब संघटनेशी संलग्न हवा आणि त्या चार वर्षांची मुलाची नोंदणी तुमच्या नावावर हवी. टर्फवर फी घेऊन चालवलेली अकॅडमी जिल्हा संघटनेकडे क्लब म्हणून नोंदलेली नसेल, तर कागदोपत्री तो मुलगा तिथे कधी शिकलाच नाही. करार संपून तो मोफत गेला तर वाटायलाच काही नसतं, आणि भारतात बहुतेक बदल्या तशाच होतात. तरीही प्रवेश घेताना आपल्या मुलाची नोंद महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत कुठल्या क्लबाच्या नावाने होणार आहे, हे विचारून घ्यावं. उद्या क्लब बदलायचा झाला तर नाहरकत दाखला त्याच क्लबाकडे मागावा लागतो, आणि हंगाम सुरू झाल्यावर तो मिळवताना पालकांची जी पायपीट होते ती पुण्यातल्या कुठल्याही मैदानाच्या काठावर ऐकायला मिळेल.